तृणान्तर्वासी बुरशीचा शिधा

गवताच्या पात्याच्या आत जन्मणाऱ्या, तेथेच वाढणाऱ्या आणि बाहेरच्या हवेशी सहसा संबंधच येऊ न देणाऱ्या बुरशीला प्रयोगशाळेच्या काचपात्रात वाढवावयाचे, तर तिला खावयास काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ, फार तर एखाद्या प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या वहीत टिपून ठेवण्याच्या योग्यतेचा वाटेल. परंतु ज्याच्या उत्तरावाचून अमेरिका आणि न्यूझीलंड या दोन पशुपालक देशांतील गुरामेंढरांच्या मोठ्या दुखण्याचा उलगडा पुरा होणे शक्य नव्हते, आणि ज्याचे उत्तर शोधता शोधता गवताच्या अंगातील एक कीटकनाशक द्रव्य नेमके कोण तयार करते हा वाद निकालात निघाला, तो प्रश्न इतक्या सहजी बाजूस सारता येत नाही.

प्रकरणाचा आरंभ केंटकी राज्याच्या मेनिफी परगण्यातील एका डोंगरउतारावर झाला. तेथील एका शेतावर भर हिवाळ्यातही हिरवे राहणारे, गुरांच्या पायांखाली न मरणारे आणि हलक्या जमिनीतही तग धरणारे एक गवत 1931 साली केंटकी विद्यापीठातील ई. एन. फर्गस यांच्या दृष्टीस पडले. त्याचे बी त्यांनी नेले, पुष्कळ वर्षे पारखले, आणि 1943 साली ‘केंटकी 31’ या नावाने उंच फेस्क्यू गवताचा तो वाण शेतकऱ्यांच्या हाती आला. पुढे अमेरिकेतील सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन उंच फेस्क्यूने व्यापली. परंतु त्यावर चरणाऱ्या गुरांविषयी ज्या फिर्यादी येऊ लागल्या त्या चमत्कारिक होत्या. उन्हाळ्यात गाई सावली आणि डबकी सोडीनात, अंगावरची हिवाळी लव झडेना, दूध आटे, वजन वाढेना. आणि थंडीत काहींच्या मागच्या खुरांना, शेपटीच्या टोकाला व कानांच्या कडांना रक्त पोहोचेनासे होऊन ते भाग सडत. गवताचे रासायनिक पृथक्करण करावे तर प्रथिने यथास्थित, पचनीयता चांगली, खनिजे पुरेशी. कागदोपत्री त्या चाऱ्यात दोष काढावयास जागाच नव्हती. 1977 साली जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथील सरकारी संशोधन केंद्रात काम करणारे चार्ल्स बेकन आणि त्यांचे सहकारी यांनी, जेथे गुरे आजारी पडत आणि जेथे ती धडधाकट राहत अशा कुरणांतील गवताची तुलना करून, असे दाखविले की विषारी कुरणातील झाडून सर्व रोपांच्या अंगात एक बुरशी वास करते, आणि निर्विष कुरणात तिचे प्रमाण अगदी अल्प आहे.

संशय बळावला खरा, तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे. बुरशी गवतातून वेगळी काढावी, शुद्ध स्वरूपात वाढवावी, तिच्या अंगी विष आहे काय ते तपासावे, आणि मग बुरशीमुक्त गवतात ती पुन्हा घालून विष उत्पन्न होते काय ते पाहावे, हा शास्त्राचा जुना शिरस्ता आहे. आणि यांतील प्रत्येक पायरीला बुरशी एकटी जगली पाहिजे ही पूर्वअट आहे. नेमकी हीच गोष्ट त्या बुरशीच्या स्वभावाच्या विरुद्ध होती. उंच फेस्क्यूतील ही बुरशी गवताच्या बाहेर बीजुके टाकून पसरत नाही. मातृरोपाच्या फुलोऱ्यात शिरून ती बियाण्यात उतरते, बियाण्याबरोबर रुजते, आणि नव्या रोपाबरोबर वाढते. पिढ्यान्‌पिढ्या आयते घर आणि आयते अन्न मिळालेल्या या जीवाला स्वतंत्र चूल मांडावयास लावणे हे काम सोपे नव्हते. (तिच्या नावाचाही एक घोळच आहे: 1982 साली तिला ‘अ‍ॅक्रेमोनियम’ या वंशात घालण्यात आले, 1996 साली ‘निओटायफोडियम’मध्ये बदली झाली, आणि 2014 साली तिची कायम नेमणूक ‘एपिक्लोई’ या वंशात झाली, त्यामुळे जुने निबंध चाळणाऱ्याने तीन नावांखालचे दप्तर एकाच आरोपीचे समजावे.)

तिला काय खावयास घालावे हे ठरविण्यापूर्वी ती घरी काय खाते हे पाहणे क्रमप्राप्त होय. गवताच्या पर्णकोशाची आतल्या बाजूची पातळ साल चिमट्याने सोलून, अ‍ॅनिलिन निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, म्हणजे पेशींच्या लांबट रांगांमधून, त्यांना समांतर, क्वचितच फाटा फुटलेले असे नागमोडी निळे तंतू धावताना दिसतात. हे तंतू पेशींच्या आत शिरत नाहीत. तांबेऱ्यासारख्या रोगकारक बुरश्या पेशीच्या भिंतीला भोक पाडून आत शोषकांगे घालतात. ही बुरशी तसले काहीएक करीत नाही. जुन्या वाड्यांच्या दोन भिंतींमधून जसा अरुंद बोळ जावा, तशा पेशीपेशींमधील जागेत ती राहते, आणि त्या बोळात पाझरणाऱ्या रसावर उदरनिर्वाह करते. या रसात शर्करा असतात, मुख्यत्वे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. अ‍ॅस्पॅराजिन, ग्लुटामिन यांसारखी अमायनो आम्ले असतात. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट असे क्षार असतात. आणि हे सर्व अत्यंत पातळ प्रमाणात असते. सुक्रोजचा रेणू फोडून त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करणारे इन्व्हर्टेज हे विकर या बुरशीजवळ आहे. गवत दुखावले जाऊ नये इतपतच रस घ्यावयाचा, आणि तोही गवताच्या वाढीच्या तालावर, असा हा बेताचा संसार आहे. पाते जेव्हा तळाशी लांबू लागते तेव्हा पेशींच्या भिंतींना चिकटलेला कवकतंतूही मधल्या मधे लांबतो. बहुसंख्य बुरश्यांचे तंतू केवळ टोकाशी वाढतात, हा पाठ्यपुस्तकी नियम या बुरशीने गवताच्या आत मोडलेला आहे, हे न्यूझीलंडमधील संशोधकांनी 2008 साली दाखविले. काचपात्रात मात्र तिला टोकानेच वाढावे लागते.

आता तिला बाहेर काढावयाची रीत. पर्णकोशाचे तीन ते पाच मिलिमीटर लांबीचे तुकडे प्रथम सत्तर टक्के अल्कोहोलात क्षणभर बुडवितात, मग सोडियम हायपोक्लोराइटाच्या द्रावणात काही मिनिटे ठेवतात, म्हणजे बाहेरून चिकटलेले जिवाणू व उपरी बुरश्या मरतात. नंतर निर्जंतुक पाण्याने दोनतीनदा धुऊन ते पोषक माध्यमाच्या पृष्ठावर मांडतात. मात्रा थोडी जास्त झाली की द्रावण कापलेल्या टोकांतून आत शिरून जिला वाचवावयाचे तिलाच मारते, आणि कमी पडली की तिसऱ्या दिवशी पेट्री डिश हिरव्याकाळ्या परकीयांनी भरून जाते. म्हणून या कामी हात बसलेला मनुष्य लागतो. जिवाणूंच्या बंदोबस्तासाठी माध्यमात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन घालण्याचीही चाल आहे. नंतर वीस ते पंचवीस अंश सेल्सिअसवर, अंधारात, वाट पाहणे. ऱ्हायझोपससारखी भाकरीवरची बुरशी दोनतीन दिवसांत सारी डिश व्यापते. ही मात्र दोन-तीन आठवड्यांपर्यंत अस्तित्वाची खूणही देत नाही. मग एके दिवशी, तुकड्याच्या कुशीतून नव्हे तर कापलेल्या टोकातूनच, पांढऱ्या तंतूंचा एक विरळ झुबका बाहेर आलेला दिसतो. त्याचा कण उचलून नव्या माध्यमावर ठेवला तर तीन-चार आठवड्यांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर व्यासाची, कापसासारखी पांढरी, मध्ये उंचावलेली आणि पुष्कळदा मेंदूसारख्या वळ्या पडलेली वसाहत तयार होते. खालून पाहिले तर ती फिकट तपकिरी दिसते. पहिल्या दोन आठवड्यांतच उगवून आलेली कोणतीही बुरशी ही नसावी, असे समजून चालणे सुरक्षित.

हे पहिले माध्यम बहुधा बटाट्याचे असते. सोलून कापलेले 200 ग्रॅम बटाटे पाण्यात उकळून गाळावे, त्या पाण्यात 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, म्हणजेच ग्लुकोज, आणि 15 ते 20 ग्रॅम अगर घालून एकंदर एक लिटर करावे, आणि ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटे ठेवून निर्जंतुक करावे, अशी ती सर्वपरिचित कृती आहे. अगर म्हणजे समुद्रशैवालापासून काढलेला तोच पदार्थ, जो आपल्याकडे चायना ग्रास या नावाने वाण्याकडे मिळतो आणि दुधात घालून थिजविला जातो. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर आणि नंतर जिलेटिनावर जंतू वाढवीत. जिलेटिन उन्हाळ्यात वितळे, आणि कित्येक जंतू ते खाऊनच टाकीत. त्याऐवजी अगर वापरावा ही सूचना 1881 च्या सुमारास फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या संशोधक पतीस केली, कारण मुरंबे व जेली थिजविण्यासाठी ती तो वापरीत असे. सूक्ष्मजीवशास्त्रावर स्वयंपाकघराचे जे ऋण आहे त्याची जमा बहुधा कोणी मांडत नाही.

बटाट्याच्या पाण्याचा गुण आणि दोष एकच आहे: त्यात नेमके काय आहे हे सांगता येत नाही. त्यात अमायनो आम्ले आहेत, जीवनसत्त्वे आहेत, क्षार आहेत. पण किती, हे बटाट्याच्या जातीवर, जमिनीवर आणि उकळण्याच्या वेळेवर अवलंबून. बुरशी नुसती जगवावयाची, राखावयाची, एका डिशमधून दुसरीत न्यावयाची, एवढाच हेतू असेल तर हे माध्यम उत्तम होय. द्रवात भरपूर कवकजाल हवे असेल तेव्हा याहूनही सढळ शिधा देतात. या क्षेत्रात वापरात असलेले ‘एम 102’ नावाचे माध्यम पाहावे: एका लिटरात 30 ग्रॅम सुक्रोज, 20 ग्रॅम माल्टचा अर्क, 2 ग्रॅम पेप्टोन, 1 ग्रॅम यीस्टचा अर्क, आणि वर पोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम क्लोराइड व मॅग्नेशियम सल्फेट यांच्या चिमट्या. शर्करा कार्बनासाठी, पेप्टोन नत्रासाठी, यीस्टचा अर्क जीवनसत्त्वांसाठी, अशी ही सोय. आणि तीत बुरशी सुखाने, म्हणजे तिच्या मानाने सुखाने, वाढते. परंतु ती कशामुळे वाढली असे विचारले तर या माध्यमाजवळ उत्तर नाही. माल्टमध्येही नत्र आहे, पेप्टोनमध्येही आहे, यीस्टमध्येही आहे. कोणता खर्ची पडला आणि कोणता शिल्लक राहिला हे हिशेबात दिसतच नाही.

म्हणून ज्यांना तिच्या आहाराची खरी यादी हवी होती त्यांनी सर्व अर्क बाजूला ठेवून, प्रत्येक घटक रसायनाच्या बाटलीतून तोलून घातलेले, ज्याला परिभाषित माध्यम म्हणता येईल, असे द्रावण वापरले. अशा माध्यमाची परंपरा फार जुनी आहे. पाश्चर यांचे शिष्य जूल रोलँ यांनी 1869 साली काळ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीसाठी तोलूनमापून द्रावण तयार केले, आणि त्यातून जस्ताचा अत्यल्प अंश वगळला तर उत्पन्न कसे घसरते हे दाखवून, सूक्ष्म मूलद्रव्यांचीही बुरशीला गरज असते याचा पहिला दाखला दिला. गवतातील बुरशीच्या बाबतीत हे काम शंभराहून अधिक वर्षांनी झाले. 1986 साली ‘मायकॉलॉजिया’ या नियतकालिकात कुलकर्णी व नील्सन यांनी उंच फेस्क्यूतील बुरशीच्या पोषणगरजांवर लिहिले, आणि 1998 साली फ्रान्समधील संशोधकांनी अनेक गवतांतील बुरश्या एकत्र घेऊन तोच विषय पुढे चालविला. पद्धत साधी, पण कंटाळवाणी आहे: बाकी सर्व घटक तेच ठेवून एका वेळी एकच शर्करा, किंवा एकच नत्रयुक्त द्रव्य बदलावयाचे, आणि आठवड्यांची मुदत संपल्यावर उत्पन्न तोलावयाचे.

शर्करांच्या बाबतीत ही बुरशी अनाग्रही आहे. ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज आणि मॅनिटॉल ही शर्करा-अल्कोहोल यांवर ती चांगली वाढते; आणि ज्या रसात तिचे आयुष्य जाते त्यातील शर्करांशी ही यादी जुळते, यात आश्चर्य वाटावयास नको. मॅनिटॉल मात्र गवताच्या रसात नसतो म्हटले तरी चालेल; तो बुरशी स्वतःच घडविते आणि आपल्या अंगात साठविते, त्यामुळे बाहेरून दिलेला मॅनिटॉल तिला परका नाही.

नत्राचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि माझ्या मते या विषयातील खरा रस तेथेच आहे. बुरश्यांसाठी सर्वत्र वापरले जाणारे झापेक-डॉक्स माध्यम घ्या: त्यातही लिटरला 30 ग्रॅम सुक्रोजच असते, पण नत्र म्हणून 3 ग्रॅम सोडियम नायट्रेट. नायट्रेट खाणाऱ्या बुरशीला आधी त्याचे नायट्राइट, मग अमोनियम करून घ्यावे लागते. त्यासाठी विकरांचे दोन निराळे कारखाने चालवावे लागतात, आणि त्यांवर ऊर्जा खर्चावी लागते. अमायनो आम्ले घरपोच मिळणाऱ्या जीवाला हा उपद्व्याप फारसा करावा लागत नसल्याने, अ‍ॅस्पॅराजिन, ग्लुटामिन, प्रोलिन अशा अमायनो आम्लांवर ही बुरशी जशी वाढते तशी नायट्रेटावर वाढेलच याचा भरवसा नाही. शिवाय सर्व वाण एकसारखे नाहीत. उंच फेस्क्यूच्या निरनिराळ्या रोपांतून काढलेल्या वाणांत नत्राच्या उपयोगाबाबत भेद आढळतात, हे 1993 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा ‘फेस्क्यूतील बुरशीस अमुक चालते’ असे विधान करणाऱ्याने कोणत्या रोपातील, हेही सांगावे.

अमोनियमच्या क्षारांबाबत आणखी एक फसगत संभवते. बुरशी अमोनियम आत घेते तेव्हा त्याच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर टाकते, आणि द्रावण आम्ल होत जाते. काही दिवसांनी वाढ थांबते. तिला अमोनियम पचत नाही असा निष्कर्ष काढणारा मनुष्य मग भलत्यालाच शिक्षा करतो, कारण दोष आहाराचा नसून आम्लतेचा असतो. माध्यमात आम्लता राखणारे मिश्रण घालणे, आणि प्रयोगाच्या आधी व नंतर दोन्ही वेळा आम्लता मोजून लिहिणे, याला पर्याय नाही.

जीवनसत्त्वांपैकी थायमिन, म्हणजे ब-1, याकडे अशा प्रयोगांत प्रथम पाहतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ शोपफर यांनी 1934 साली फायकोमायसीज या बुरशीला थायमिन बाहेरून द्यावेच लागते असे दाखविले, आणि तेव्हापासून परिभाषित माध्यमाच्या कृतीत थायमिनची चिमूट प्रायः कायम झाली. ती इतकी सूक्ष्म लागते की आधीच्या डिशमधील बटाट्याच्या माध्यमाचा कण जरी रोपणाबरोबर आला तरी ‘थायमिन नको’ असा खोटा निकाल हाती येतो. म्हणून काळजीवाहू संशोधक कवकजाल प्रथम निर्जंतुक पाण्याने धुतात, बारीक करतात, आणि उपाशी ठेवून मगच प्रयोगास घेतात. खुद्द अगरही निर्भेळ नसतो. त्यातही क्षार आणि सेंद्रिय अंश असतात, त्यामुळे पोषणाचा काटेकोर हिशेब द्रव माध्यमातच करावा.

मोजण्याविषयीही एक शब्द येथेच. डिशमधील वसाहतीचा व्यास पट्टीने मोजणे सोपे, म्हणून पुष्कळजण तोच मोजतात. परंतु उपाशी बुरशी अन्नाच्या शोधात लांबवर पातळ तंतू फेकते, आणि धालेली बुरशी जागच्या जागी दाट व जाड होते. व्यास पाहावा तर उपाशी बुरशी वरचढ ठरते. कवकजाल गाळून, वाळवून, तोलणे हाच खरा जमाखर्च होय, मग त्यासाठी प्रत्येक पात्र मोडावे लागले तरी बेहत्तर.

लोहाची कथा या सर्वांहून अधिक उद्बोधक आहे. बुरश्या लोह पकडण्यासाठी सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात. राय गवतातील एपिक्लोई फेस्टुसी या बुरशीत अशा रेणूच्या घडणीस आवश्यक असे एक जनुक मोडून न्यूझीलंडमधील संशोधकांनी दोन प्रयोग केले. लोह कमी असलेल्या माध्यमात ती बुरशी नीट वाढेना, हे अपेक्षितच होते. परंतु तीच गवतात घातली असता गवतही खुंटले. मित्रभाव संपून बुरशी घरात धसमुसळेपणा करू लागली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने, ज्याला आपण केवळ पोषण म्हणतो त्याच्याच बळावर यजमान आणि पाहुणा यांची सलोख्याची हद्द सांभाळली जाते, हे स्पष्ट झाले.

आणि आता लोलिनांची हकिकत, जिच्यामुळे माध्यमाची निवड हा तपशिलाचा विषय राहत नाही. कुरणी फेस्क्यू या उंच फेस्क्यूच्या भावंडाच्या अंगात लोलिन नावाची अल्कलॉइडे सापडतात. ती किडींना मारतात, गुरांना तितकीशी बाधत नाहीत. बुरशी असलेल्या गवतात ती असतात, बुरशी नसलेल्यात नसतात, हे ठाऊक होते. तरीही ती घडविते कोण, हे ठरत नव्हते. बुरशीने डिवचल्यावर गवतच ती घडवीत नसेल कशावरून? याचा निकाल एकाच मार्गाने लागण्यासारखा होता: गवताचा अंशही नसलेल्या माध्यमात एकट्या बुरशीने ती घडवून दाखविली पाहिजेत. माल्ट, पेप्टोन, यीस्ट घातलेल्या श्रीमंत माध्यमांत बुरशी वाढली, पण लोलिनांचा मागमूस नव्हता. 2001 साली केंटकीतील संशोधकांनी तीच बुरशी तोलूनमापून घातलेल्या गरीब माध्यमात वाढविली, आणि तीत लोलिने मिळाली. 16.7 मिलिमोलर सुक्रोज आणि 15 ते 30 मिलिमोलर अ‍ॅस्पॅराजिन असलेल्या द्रावणात चोवीस दिवसांनी लिटरमागे सुमारे 700 मिलिग्रॅम लोलिने साठली. ग्रॅमच्या भाषेत सांगावयाचे तर ही शर्करा लिटरला पावणेसहा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे ‘एम 102’ मधील सुक्रोजचा पाचवा हिस्सा देखील नव्हे. शिवाय लोलिने बुरशी जोमात वाढत असताना तयार होत नव्हती. वाढ थांबल्यावर, शिधा आटल्यावर, तिने ती घडविण्यास प्रारंभ केला. पेनिसिलिन घडविणाऱ्या बुरशीचा स्वभावही असाच आहे. वर्षानुवर्षे सढळ हाताने जेवू घातलेल्या बुरशीने जे सांगितले नाही, ते मोजके अन्न दिल्यावर सांगितले.

असे असले तरी सर्वच विषे अशी काचेत उतरत नाहीत. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या थरथरतात, अडखळतात आणि कोलमडतात, त्या राय गवताच्या व्याधीचा बुरशीशी असलेला संबंध 1981 साली फ्लेचर व हार्वे यांनी दाखविला. तिच्या मुळाशी असलेले लोलिट्रेम-बी हे द्रव्य घडविणारी जनुके गवताच्या सहवासातच खरी जागी होतात, आणि नुसत्या माध्यमात बहुधा निद्रिस्त राहतात. फेस्क्यूतील गुरांच्या व्याधीस मुख्यत्वे जबाबदार धरले जाणारे अर्गोव्हॅलिनही तसेच. त्या वर्गातील अल्कलॉइडे गवतात असल्याचा दाखला 1986 साली मिळाला. कोणत्या संदेशाने गवत ही जनुके जागवते, आणि तो संदेश माध्यमात घालता येईल काय, यावर आजही काम चालू आहे. माझे मत विचाराल तर एखाद्या नव्या शर्करेपेक्षा पेशीभित्तीचा दाब, स्पर्श आणि अन्नाचा मंद व अखंड पाझर यांची नक्कल करणे हीच पुढची दिशा असावी. बशीत एकदम वाढलेले अन्न आणि थेंबाथेंबाने पाझरणारे अन्न यांत रसायन तेच असले तरी जीवन निराळे असते.

आपल्याकडील वाचकास हा सारा खटाटोप दूरदेशचा वाटेल, आणि काही अंशी तो आहेच. फेस्क्यू आणि राय ही थंड प्रदेशातील गवते, आणि आपल्या माळरानांवरील मारवेल, पवना, कुसळी यांच्याशी एपिक्लोईचा तसा घरोबा नाही. परंतु तिचे भाऊबंद आपल्या शिवारात आहेत. बाजरीच्या कणसावर आधी मधासारखा चिकट स्राव आणि मग काळपट गाठी आणणारा अरगट त्याच कुळातला. 1950 च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगटयुक्त बाजरी खाऊन माणसांना बाधा झाली होती. भाताची लोंबी न फुलता करड्या पांढऱ्या काडीसारखी ताठ बाहेर येते तो उदबत्ता रोगही याच गोतावळ्यातील बुरशीमुळे होतो. तीही रोपाच्या अंगातच वाढते, आणि बियाण्यावाटे पुढे जाते. अशा बुरश्यांचे वाण जतन करावयाचे तर शेवटी त्याच बटाट्याच्या माध्यमाच्या तिरप्या नळ्या भरणे आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहासारख्या ठिकाणी हेच काम सतत चालते.

माध्यमावर वाढविलेली बुरशी पुन्हा गवतात घालण्याची रीत 1985 साली लॅच व ख्रिस्तेन्सेन यांनी बसविली, आणि तीत पोषणशास्त्राचा एक उलटा धडा आहे. निर्जंतुक केलेले बी नुसत्या पाण्यातील अगरवर, ज्यात शर्करेचा वा नत्राचा एक कणही घातलेला नाही, अशा माध्यमावर अंधारात रुजवितात. कोंबाच्या बुडाशी, जेथे वाढीचा बिंदू असतो तेथे, सुईने बारीकशी चीर पाडतात, आणि बुरशीचा कण आत सरकवितात. माध्यम पोषक असते तर एखादा चुकार जंतू दोन दिवसांत कोंब गिळून बसला असता. उपाशी अगरवर त्याला काहीच मिळत नाही, आणि बुरशीला जे हवे ते कोंबातून मिळते. या मार्गाने, मेंढ्यांना बाधणारे लोलिट्रेम-बी आणि अर्गोव्हॅलिन न घडविणारे, पण किडींना रोखणारे पेरामिन घडविणारे नैसर्गिक वाण निवडून राय गवतात घातले गेले. ‘एआर 1’ नावाचा असा वाण 2001 च्या सुमारास न्यूझीलंडच्या बाजारात आला. पुढचा भार बियाण्याने उचलावयाचा, आणि तेथे व्यापाऱ्याला एक पथ्य पाळावे लागते: उष्ण व दमट गोदामात वर्षदीडवर्ष राहिलेले बी उत्तम उगवते, पण त्यातील बुरशी तोवर मेलेली असते, म्हणून असे बियाणे थंड व कोरड्या कोठीत ठेवतात, आणि विक्रीपूर्वी काही रोपे उगवून त्यांपैकी कितीत बुरशी जिवंत आहे हे तपासून घेतात.